वरच्या वातावरणातले ऑक्सिजनचे समस्थानिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्सिजनचे समस्थानिक म्हणजे नेमकं काय?

ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूत आठ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र आठ, नऊ किंवा दहा असू शकतात. त्यावरून ऑक्सिजन-१६, ऑक्सिजन-१७ आणि ऑक्सिजन-१८ ही नावं पडली. दहा हजार अणू मोजले तर साधारण ९,९७६ सोळाचे, वीस-एकवीस अठराचे आणि जेमतेम चार सतराचे निघतात. तिघांची रासायनिक वागणूक जवळपास सारखी असते. पुढचं सगळं त्या ‘जवळपास’बद्दल आहे.

यांचा शोधही वातावरणामुळेच लागला. १९२९ मध्ये विल्यम जिओक आणि हेरिक जॉन्स्टन हवेतून गाळून येणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा अर्थ लावत होते. ऑक्सिजनच्या ठळक रेषांच्या बाजूला काही फिकट रेषा होत्या. त्या जड ऑक्सिजनच्या निघाल्या आणि अणुभारांच्या तक्त्याची पंचाईत झाली. रसायनवाले नैसर्गिक मिश्रणाला १६ धरत, भौतिकवाले फक्त ऑक्सिजन-१६ ला. हे दोन हिशेब १९६१ पर्यंत शेजारी शेजारी चालले. शेवटी कार्बन-१२ ला प्रमाण मानून भांडण मिटलं.

हे किरणोत्सर्गी असतात का?

नाही. तिन्ही कायम टिकणारे आहेत. त्यामुळे यांच्यावरून थेट वय काढता येत नाही.

समस्थानिकांवरून ऑक्सिजनचा ‘माग काढतात’, म्हणजे हवेत काही सोडतात का?

काहीच सोडत नाहीत. खुणा हवा स्वतःच करते. एखादी अभिक्रिया जड अणूंना थोडं जास्त सामावून घेते, एखादी त्यांना मागे ठेवते. तयार झालेल्या रेणूत ते प्रमाण उमटतं आणि रेणू जिथे जाईल तिथे सोबत जातं. आपण फक्त नमुना गोळा करायचा आणि ऑक्सिजनची घडण वाचायची. रेणूचं रासायनिक नाव तो काय आहे ते सांगतं. त्यातला ऑक्सिजन कुठून आला हे मात्र समस्थानिकांकडूनच कळतं.

सोळा आणि अठरा पुरेसे नाहीत का? त्या दुर्मिळ सतराच्या मागे का लागायचं?

नवख्यांना पडणारा हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा सावकाश देतो.

फक्त अठरा-सोळाचं प्रमाण पाहिलं तर ते शंभर कारणांनी हलतं: पाण्याची वाफ झाली, ढगात वाफेचं पाणी झालं, पानातून बाष्प गेलं, सूक्ष्मजीवांनी श्वास घेतला, तापमान बदललं. आकडा बदललेला दिसतो, पण कोणी बदलला ते सांगता येत नाही.

आता सतरा जोडा. वर सांगितलेल्या सगळ्या घडामोडी वस्तुमानाच्या फरकावर चालतात. सोळा आणि अठरा यांच्यात दोनाचा फरक, सोळा आणि सतरा यांच्यात एकाचा. म्हणून अठराचं प्रमाण जितकं हलेल त्याच्या साधारण निम्म्याने सतराचं हलतं. नेमका गुणक ०.५२ च्या आसपास असतो. अठरा दर हजारी १० ने वाढला तर सतरा ५.२ ने वाढणार. आलेखावर एकेक नमुना मांडत गेलात तर समुद्राचं पाणी, पाऊस, खडक, हाडं असं सगळं एकाच तिरक्या रेषेवर जाऊन बसतं. त्या रेषेवर नमुना कुठे आहे याला इथे महत्त्व नाही. तो रेषा सोडून गेला आहे का, एवढंच विचारायचं. गेला असेल तर नेहमीच्या शंभर कारणांपैकी एकही लागू पडत नाही आणि संशयितांची यादी एकदम आखूड होते. पृथ्वीवर त्या यादीत मुख्य नाव एकच आहे: ओझोन.

रेषा सोडण्याचं हे प्रमाण कसं लिहितात?

नमुन्यातलं अठरा-सोळाचं गुणोत्तर समुद्राच्या पाण्याच्या ठरावीक प्रमाणाशी (०.००२००५२) ताडतात आणि फरक दर हजारी सांगतात. त्याला डेल्टा-१८ म्हणतात. सतरासाठी डेल्टा-१७. मग डेल्टा-१७ मधून ०.५२ गुणिले डेल्टा-१८ वजा करतात. उरेल ती विसंगती, म्हणजे ‘मोठा डेल्टा’. ती शून्य आली तर नमुना रेषेवर आहे. एक सावधगिरी: काही गट ०.५२ वापरतात, काही ०.५२८, काही लॉगरिदमने मांडतात. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणता गुणक घेतला आहे ते तपासा. बारीक विसंगतींच्या बाबतीत निष्कर्षच उलटा होऊ शकतो.

ओझोन रेषा सोडतो हे कसं कळलं?

दोन वेगळ्या वाटांनी, आणि दोन्हीकडे आधी गैरसमज झाला.

पहिली वाट उल्केची. ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत आयेंदे गावाजवळ मोठी उल्का फुटून पडली. तिच्यात कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढुरके ठिपके होते, सूर्यमालेतले सगळ्यात जुने घन कण. १९७३ मध्ये रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या ठिपक्यांतल्या ऑक्सिजनच्या रेषेचा उतार अर्धा नसून जवळजवळ एक आहे. सतरा आणि अठरा सारख्याच प्रमाणात हलत होते. रासायनिक क्रियेने असं होऊच शकत नाही असं तेव्हा सगळेच मानत होते. म्हणून अर्थ असा लावला गेला की एखाद्या ताऱ्यात तयार झालेला जवळपास निखळ ऑक्सिजन-१६ त्यात मिसळला असणार.

दहा वर्षांनी मार्क थायमेन्स आणि जॉन हायडनराइख यांनी साध्या ऑक्सिजनमधून विजेची ठिणगी सोडून ओझोन बनवला. त्याचा उतारही एक आला. बंद नळीत, कोणत्याही ताऱ्याविना. ‘रसायनाने होऊ शकत नाही’ हे गृहीतक १९८३ च्या त्या एका प्रयोगाने मोडलं.

दुसरी वाट फुग्याची. १९८१ मध्ये कोनराड माउअर्सबर्गर यांनी मास स्पेक्ट्रोमीटर (अणू-रेणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र) फुग्याखाली बांधून स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या उंचीवर, पाठवला. तिथल्या ओझोनमध्ये जड ऑक्सिजनची वाढ थेट ४० टक्क्यांपर्यंत दिसली. नेहमीच्या घडामोडींत असे फरक दर हजारी मोजतात, इथे आकडा टक्क्यांत होता. पुढच्या मोजमापांत तो दहा टक्क्यांच्या आसपास उतरला, म्हणजे सुरुवातीचे टोकाचे आकडे उपकरणाच्या मर्यादांमुळे फुगलेले होते. पण दहा टक्केसुद्धा नेहमीच्या नियमांत बसत नाहीत. माझ्या मते या विषयाचा खरा धडा इथेच आहे: पहिलं मोजमाप चुकीचं होतं आणि तरीही शोध खरा होता.

पण ओझोनच असं का वागतो?

ओझोन बनताना ऑक्सिजनचा एक सुटा अणू दोन अणूंच्या रेणूवर आदळतो. त्या क्षणी तयार झालेला त्रिकूट रेणू ऊर्जेने खदखदत असतो. जवळून जाणाऱ्या नायट्रोजनसारख्या तिसऱ्या रेणूला धडकून त्याने जादा ऊर्जा दिली तर तो टिकतो, नाहीतर लगेच पुन्हा फुटतो. सगळा खेळ या मधल्या क्षणाचा आहे. जो थोडा जास्त वेळ तग धरेल त्याला धडकेची संधी जास्त.

तिन्ही अणू सोळाचे असतील तर रेणूच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे तो सममित असतो. टोकाला एक सतरा किंवा अठरा बसला की सममिती मोडते. सममित रेणूत कंपनांच्या ऊर्जेची देवाणघेवाण काही ठरावीक वाटांनीच होते. असममित रेणूत ती जास्त वाटांनी पसरते, म्हणून तो सरासरीने जास्त टिकतो. इथे टोकाचा अणू ‘किती’ जड आहे याला फारसं महत्त्व नाही, तो ‘वेगळा’ आहे एवढं पुरतं. म्हणूनच सतरा आणि अठरा यांना जवळपास सारखाच फायदा होतो आणि उतार एकच्या आसपास येतो.

रुडॉल्फ मार्कस आणि यी चिन गाओ यांनी २००१ मध्ये ही कल्पना गणितात बसवली. आकडे चांगले जुळतात, पण त्यासाठी सममित रेणूंना साधारण १.१८ पट मागे ठेवणारा एक गुणक प्रयोगावरून घ्यावा लागतो. मुळापासून गणित करून तो गुणक निर्विवादपणे काढला गेला आहे असं मी म्हणणार नाही. सुट्या सुट्या अभिक्रियांचे वेग पाहिले तर चित्र आणखी विचित्र दिसतं. सोळाचा अणू अठरा-अठरा रेणूवर आदळला तर वेग नेहमीच्या दीडपट, आणि अठराचा अणू सोळा-सोळा रेणूवर आदळला तर नेहमीपेक्षा किंचित कमी. हा फरक मुख्यतः बंधांच्या शून्य-बिंदू ऊर्जेतून (कितीही थंड केलं तरी बंधाच्या कंपनात उरणाऱ्या ऊर्जेतून) येतो. सगळ्या अभिक्रिया एकत्र केल्यावर तो बराचसा वजा होतो आणि सममितीचा परिणाम उरतो.

ही खूण ओझोनपुरतीच राहते का?

राहिली असती तर एवढा उपयोग झाला नसता. ओझोन ती वाटत फिरतो.

स्थितांबरात अतिनील किरणांनी ओझोन फुटला की ऑक्सिजनचा एक उत्तेजित अणू सुटतो. तो बहुतेक वेळा नायट्रोजनला धडकून थंड होतो. पण कधी कधी तो कार्बन डायऑक्साइडला चिकटतो आणि क्षणभर तीन ऑक्सिजनवाला एक अस्थिर रेणू तयार होतो. तो फुटताना कोणता ऑक्सिजन बाहेर पडेल याचा नेम नसतो. नवा आलेला आत राहिला आणि जुना गेला, की ओझोनची खूण कार्बन डायऑक्साइडमध्ये आली. हवा वर जितका जास्त काळ राहील तितका हा व्यवहार वाढत जातो. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या विसंगतीवरून हवा वर किती मुरली आहे याचा अंदाज बांधता येतो. फुग्यांनी आणलेल्या नमुन्यांत सतरा-अठराचा उतार १.७ च्या आसपास मिळाला आहे, ओझोनपेक्षाही तीव्र.

ताळेबंदाची दुसरी बाजू विसरू नका. ओझोन आणि कार्बन डायऑक्साइडने जड अणू जास्त घेतले, तर साध्या ऑक्सिजन वायूत ते कमी पडणार. हवेत ऑक्सिजनचा साठा प्रचंड असल्याने ही तूट दर हजारी काही दशांश इतकीच आहे. पण ऑक्सिजनचा रेणू हवेत हजार-बाराशे वर्षं राहतो, त्यामुळे ती साठत जाते. प्रकाशसंश्लेषणातून येणारा ताजा ऑक्सिजन रेषेवरचा असतो. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये ही तूट किती भरून निघाली ते पाहून तिथल्या शैवालांनी किती ऑक्सिजन बनवला हे काढता येतं. बोआझ लुझ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही रीत मांडली. तीस किलोमीटर उंचीवरच्या रसायनावरून समुद्रातल्या हिरवाईचा हिशेब लागावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

खाली आल्यावर कार्बन डायऑक्साइडची खूण टिकते का?

फार काळ नाही. पानात शिरलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी ऑक्सिजनची अदलाबदल करतो आणि एक विकर (एन्झाइम) ते काम झटपट उरकतं. समुद्रातही तेच होतं. खूण पुसली जाते, पण ती किती वेगाने पुसली जाते यावरूनच जमिनीवरच्या वनस्पतींच्या कामाचा अंदाज लागतो.

वरची हवा खाली आणतात कशी?

मोठे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत जातात. त्यांच्यासोबत निओनसारख्या वायूने अतिथंड केलेल्या टाक्या असतात. झडप उघडली की पातळ हवा आत येऊन गोठते आणि झडप बंद होते. त्याहून वरच्या, साठ किलोमीटरपर्यंतच्या हवेसाठी अग्निबाण वापरले गेले. तिथे वेळ मिनिटांत मोजायचा आणि हवा इतकी विरळ की संपूर्ण उड्डाणाचं फळ बोटभर नळीत मावतं.

प्रयोगशाळेत सतरा मोजायला अवघड का जातो?

कार्बन डायऑक्साइड थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला तर ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे तीन संकेत येतात. सतराचा ४५ मध्ये असायला हवा. पण कार्बन-१३ आणि दोन सोळा यांचंही वस्तुमान ४५ च होतं. कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के आहे, तर दोन जागा धरूनही सतरा ०.०८ टक्क्यांहून कमी. सतराचा आवाज त्या गोंगाटात दबून जातो.

मग कार्बनपासून ऑक्सिजन सोडवावा लागतो. त्याची एक जुनी रीत म्हणजे ब्रोमीन पेंटाफ्लोराइड. काचेलाही न सोडणारा हा द्रव निकेलच्या भांड्यात तापवतात. तो कार्बनला फ्लोरिन देतो आणि ऑक्सिजन वायू मोकळा होतो. पुढे द्रव नायट्रोजनचे सापळे असतात. उणे १९६ अंशांना बाकीचं बहुतेक गोठून मागे राहतं आणि ऑक्सिजन पुढे सरकतो. आता संकेत ३२, ३३ आणि ३४ चे येतात, आणि ३३ मध्ये कार्बनची लुडबुड नाही. पण नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा अंश राहून गेला तर त्याचा एक तुकडा, नायट्रोजन आणि फ्लोरिनचा, नेमका ३३ लाच येऊन बसतो. एका सापळ्यात ढिलाई झाली की सुंदर, पण खोटी विसंगती मिळते. हल्ली तप्त सेरियम ऑक्साइडशी अदलाबदल किंवा लेझर वर्णपट असे पर्याय आहेत, पण ३३ कडे संशयाने बघायची सवय सोडू नये.

ओझोनच्या बाबतीत वेगळी युक्ती आहे. नायट्राइटचा लेप दिलेल्या गाळणीतून हवा ओढायची. ओझोन आपला टोकाचा एक अणू नायट्राइटला देतो आणि नायट्रेट बनतं. ओझोनची विसंगती टोकाच्या अणूंतच असल्याने ती जशीच्या तशी हाती लागते.

शंभर किलोमीटरच्या वर काय होतं?

तिथे नियम बदलतात. साधारण शंभर किलोमीटरपर्यंत वारे आणि खळबळ हवा ढवळत राहतात. त्यानंतर प्रत्येक वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळा व्हायला लागतो आणि जड समस्थानिक खाली राहतात. शिवाय तिथे ऑक्सिजन बराचसा सुट्या अणूंच्या रूपात असतो, म्हणून नमुना भरून आणणं कठीण: भांड्याच्या भिंतीला लागताच अणू एकमेकांना चिकटतात. यावर दुरून पाहणं हाच उपाय. ‘सोफिया’ या विमानात बसवलेल्या दुर्बिणीने तेरा किलोमीटरच्या आसपास उडत, दूर-अवरक्त प्रकाशात वरच्या सुट्या ऑक्सिजन-१८ ची रेषा टिपली. त्यावर २०२३ मध्ये निबंध आला. एका अठरामागे सोळाचे अणू सुमारे ३८० ते ४७० मिळाले, तर समुद्राच्या पाण्यात ते ४९९ असतात. निरीक्षणं मोजकीच आहेत, त्यामुळे यावर मोठे इमले बांधायची घाई मी करणार नाही.

जमिनीवर किंवा जुन्या खडकांत हा ठसा सापडतो का?

भरपूर. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या नायट्रेटच्या थरांत विसंगती इतकी मोठी आहे की ते मुख्यतः हवेतून पडून साचलं यात शंका राहत नाही. कारखान्यात बनलेल्या खतातल्या नायट्रेटमध्ये ती नसते, त्यामुळे नदीतलं नायट्रेट आकाशातून आलं की शेतातून, हे वेगळं करता येतं.

सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाहिमयुगानंतरच्या बराइट (बेरियम सल्फेट) खनिजात उलट्या दिशेची, म्हणजे तुटीची विसंगती मिळाली. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड खूप जास्त असेल तर वर दिलेला व्यवहार जोरात चालेल आणि साध्या ऑक्सिजनमधली तूट वाढेल. हुइमिंग बाओ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लावलेला अर्थ हाच.

माझं आवडतं उदाहरण सूक्ष्म उल्कांचं. लोखंडाचा बारीक कण हवेत शिरतो, ७५ ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात काही सेकंद वितळतो, तिथलाच ऑक्सिजन घेऊन गंजतो आणि घट्ट होऊन खाली पडतो. ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरा भागात २७० कोटी वर्षं जुन्या चुनखडीत असे कण सापडले. २०१६ मध्ये त्यांवरून असं सुचवलं गेलं की जमिनीजवळ ऑक्सिजन नसतानाही वर तो होता. पुढे इतरांनी दाखवलं की कार्बन डायऑक्साइडनेही लोखंड तसं गंजू शकतं. वाद मिटलेला नाही.

दोन जड अणू एकाच रेणूत आले तर?

अठरा-अठरा जोड्यांचं प्रमाण तापमानावर ठरतं, आणि वर तयार होणारे सुटे अणू या जोड्या सतत मोडून नव्याने जुळवतात. खालच्या वातावरणात ओझोन वाढला की हे प्रमाण किंचित घटतं. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेतल्या जोड्या मोजून २०१९ मध्ये लॉरेन्स येउंग यांच्या गटाने काढलं की १८५० पासून तपांबरातला, म्हणजे या खालच्या वातावरणातला ओझोन ४० टक्क्यांपेक्षा कमी वाढला. ओझोनने रंग बदलणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या कागदी पट्ट्यांची मोजमापं याहून कितीतरी मोठी वाढ सुचवत होती.

यावरून ओझोनचा थर भरून येतोय का ते कळतं का?

त्यासाठी हे साधन नाही. थराची जाडी उपग्रह आणि जमिनीवरची उपकरणं थेट मोजतात. समस्थानिक सांगतात ते ओझोनने कोणाकोणाशी व्यवहार केला ते.

विसंगती शून्य आली तर ओझोनचा संबंध नव्हता असं समजायचं का?

अजिबात नाही. खूण उमटून पुसली गेलेली असू शकते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आपला ऑक्सिजन भराभर पाण्याशी बदलतो आणि आधीचं सगळं विसरतो. त्याचं सल्फेट झालं की अदलाबदल थांबते. म्हणून सल्फेटमध्ये दिसतो तो फक्त शेवटच्या पायरीचा इतिहास. ती पायरी ओझोनने पार पाडली तर चारांपैकी एक ऑक्सिजन त्याचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने पार पाडली तर दोन त्याचे. नमुना हातात आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: हा रेणू पाण्यात ऑक्सिजन बदलतो का, आणि बदलत असेल तर किती वेळात?